तिसरं पद पाहिल्याशिवाय

पदवीच्या पहिल्या वर्षाला कलन शिकवताना मुलांकडून विस्तार पाठ करून घेणं अवघड नसतं. साईनचा विस्तार लिहा, कोसाईनचा लिहा, टॅनचा पाचव्या घातापर्यंत लिहा, असे प्रश्न परीक्षेत वर्षानुवर्षं येतात आणि बहुतेक मुलं ते न अडखळता सोडवतात. उलटा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. फळ्यावर एक अनंत श्रेणी आहे, तिच्यापुढे कुठल्याही फलनाचं नाव नाही आणि ती कोणाची हे ओळखायचं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विज्ञान महाविद्यालयात गणित शिकवताना मी हा उलटा प्रश्न सतत विचारत आले. मुलाला विस्तार कळला की नाही, हे त्याच्याकडून विस्तार लिहून घेऊन समजत नाही; अनोळखी श्रेणी त्याच्यासमोर ठेवली की समजतं, हे मला या कामानं शिकवलं.

ज्यांचा गणिताशी संबंध शाळेपुरता राहिला, त्यांच्यासाठी थोडं सांगते. घातश्रेणी म्हणजे क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन अशा चढत्या घातांना एकेका संख्येनं गुणून केलेली, कुठेही न थांबणारी बेरीज. गुणणाऱ्या त्या संख्यांना सहगुणक म्हणतात. साईनच्या श्रेणीत फक्त विषम घात येतात आणि त्यांचे सहगुणक असतात १, −१/६, १/१२०, −१/५०४०. कोसाईनच्या श्रेणीत फक्त सम घात येतात: १, −१/२, १/२४, −१/७२०. कोन मात्र रेडियनमध्ये मोजलेला हवा. वर्गात पडताळा घेताना कोणाचं उत्तर भलतंच आलं, तर मी आधी त्याचा कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे का ते बघते, आणि पुष्कळदा तो तसाच असतो.

या ओळखीचा उपयोग काय, असं मुलं विचारतात. मी त्यांना स्पर्धा परीक्षांत येतं त्या धर्तीचं एक गणित देते. १ वजा पायचा वर्ग भागिले ७२, अधिक पायचा चौथा घात भागिले ३११०४, आणि असंच पुढे. या बेरजेची किंमत काढा. ३११०४ ही संख्या पाहिली की बहुतेक पेनं खाली ठेवली जातात. एका वर्षी एक विद्यार्थिनी मात्र वहीच्या कडेला अवयव पाडत बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, ३११०४ म्हणजे सहाचा चौथा घात गुणिले २४. आणि ७२ म्हणजे सहाचा वर्ग गुणिले २." मी म्हटलं, "अगं, मग झालंच की. २ आणि २४ कोणाच्या घरचे?" ती लगेच उत्तरली, "कोसाईनचे." क्षच्या जागी पाय भागिले ६ ठेवलेली ती कोसाईनची श्रेणी होती, म्हणजे ३० अंशांचं कोसाईन, तीनच्या वर्गमुळाचं अर्धं. आम्ही पडताळा घेतला. पहिल्या तीन पदांची बेरीज ०.८६६०५ येते आणि खरी किंमत आहे ०.८६६०२ च्या थोडी पुढे. अनंत बेरीज एका ओळीत संपली. त्या मुलीनं सूत्र आठवलं नव्हतं. तिनं संख्या सोलून आतला नियम बाहेर काढला होता.

ओळखण्याची एक रीत माझ्या वर्गात हळूहळू ठरत गेली. आधी घात बघायचे. सगळे विषम असतील तर फलन विषम आहे: साईन, टॅन, किंवा साईनचं आणि टॅनचं व्यस्त. सगळे सम असतील तर कोसाईन, सीकंट आणि त्यांच्या नात्यातली मंडळी. मग चिन्हं बघायची. आलटूनपालटून येतात, की सगळी धन आहेत? त्यानंतर छेद. छेदांत क्रमगुणित आहे, म्हणजे १ पासूनच्या ओळीनं येणाऱ्या संख्यांचा गुणाकार आहे, की साध्या विषम संख्या आहेत, की दोन्हींतलं काहीच नाही? छेद क्रमगुणिताचे असतील तर श्रेणी क्षच्या कुठल्याही किमतीला अभिसारी असते. छेद नुसते १, ३, ५, ७ असतील तर क्ष १ च्या पुढे गेला की श्रेणी हाताबाहेर जाते. टॅन-व्यस्ताची श्रेणी अशी आहे: क्ष वजा क्षचा घन भागिले ३, अधिक पाचवा घात भागिले ५, आणि पुढे तसंच.

या रीतीनं मुलं पटापट उत्तरं द्यायला लागतात. नेमक्या त्या वेळी त्यांना थांबवावं लागतं.

मी फळ्यावर क्ष लिहिते, वजा क्षचा घन भागिले ३ लिहिते आणि खडू खाली ठेवते. वर्ग एका सुरात ओरडतो, "टॅन इन्व्हर्स!" मी पुढचं पद लिहिते: अधिक क्षच्या पाचव्या घाताच्या दोन पंधरांश पट. टॅन-व्यस्तात तिथे १/५ हवा होता, म्हणजे ३/१५. वर्ग गप्प होतो. ही श्रेणी हायपरबोलिक टॅनची आहे. विषम घात तेच, आलटूनपालटून येणारी चिन्हं तीच, पहिली दोन पदं अगदी तीच. वेगळेपण तिसऱ्या पदात आहे.

अशा जोड्या मी वर्षानुवर्षं जमवत गेले. साईन आणि हायपरबोलिक साईनचं व्यस्त ही दोन्ही फलनं क्ष वजा क्षचा घन भागिले ६ अशीच सुरू होतात. पाचव्या घाताला एकाचा सहगुणक १/१२० आहे, दुसऱ्याचा ३/४०, म्हणजे नऊपट मोठा. १ वजा क्षवर्गाचं अर्धं, ही सुरुवात तर कितीतरी फलनांची आहे. कोसाईनमध्ये त्यापुढे १/२४ येतो. संख्याशास्त्राच्या वर्गात मुलांना भेटणाऱ्या घंटेच्या आकाराच्या वक्रात १/८ येतो. हायपरबोलिक सीकंटमध्ये ५/२४ येतो. वर्तुळाच्या समीकरणातून निघणाऱ्या वर्गमुळात −१/८ येतो. शून्याजवळ हे चारही आलेख एकमेकांवर इतके चपखल बसतात की डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून वर्गाला माझा नियम एवढाच आहे: तिसरं पद पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

तिसरं पदही दर वेळी पुरतं असं नाही. साईनच्या आत टॅन घातलं आणि टॅनच्या आत साईन घातलं, तर मिळणाऱ्या दोन श्रेणी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या घातापर्यंत तंतोतंत सारख्या आहेत. सहगुणक १, १/६, −१/४०. फरक सातव्या घाताला पडतो आणि तो असतो १/३०. रशियन गणिती व्लादिमिर आर्नोल्ड यांना या जोडीवरचा एक प्रश्न फार प्रिय होता. मी हे उदाहरण वर्गात शेवटपर्यंत सोडवून दाखवते, कारण त्यातला धडा मोठा आहे. पदं कितीही दिली, पण ती मोजकीच असतील, तर ती असंख्य फलनांची असू शकतात. मोजक्या पदांवरून केलेली ओळख हा अंदाज असतो. ओळख पक्की व्हायची तर पदं कुठल्या नियमानं चालली आहेत ते कळायला हवं.

तो नियम काढायची माझी आवडती वाट म्हणजे लागोपाठच्या दोन सहगुणकांचा भागाकार. साईनमध्ये १/६ ला १ नं भागा, १/१२० ला १/६ नं भागा, असं करत गेलं आणि चिन्ह बाजूला ठेवलं, तर मिळतात १/६, १/२०, १/४२. सहा म्हणजे दोन त्रिक, वीस म्हणजे चार पंचे, बेचाळीस म्हणजे सहा साते. कोसाईनमध्ये छेद येतात २, १२, ३०: एक दुणे, तीन चोक, पाच सक. नियम समोर आला की श्रेणीचा पुढचा सगळा प्रवास हातात येतो.

एकदा मी साईन-व्यस्ताची श्रेणी नाव न सांगता फळ्यावर लिहिली. तिचे सहगुणक १, १/६, ३/४०, ५/११२. दिसायला अगदी ओबडधोबड. ५ आणि ११२ यांचा कोणाशी काय संबंध असावा, हे कोणालाच सुचेना. मागच्या बाकावर बसणारा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा भागाकार करत होता. त्यानं उठून सांगितलं, "मॅडम, १/६, ९/२० आणि २५/४२ येतंय." मी ते साईनच्या १/६, १/२०, १/४२ खाली लिहिलं. छेद अगदी तेच. अंशांत १, ९, २५, म्हणजे विषम संख्यांचे वर्ग. वर्गातल्या इतर मुलांनीही ते एकदम पाहिलं आणि जो गलका झाला, तो मला अजून ऐकू येतो. दोन्ही श्रेणींचं नातं त्या भागाकारात उघडं पडलं होतं. आयझॅक न्यूटन यांनी १६६९ च्या सुमारास साईनची श्रेणी काढली ती याच नात्यातून: आधी साईन-व्यस्ताची श्रेणी मिळवली आणि मग तिला पदापदानं उलटवलं. ही हकिगत त्या तासाला सांगितली तेव्हा ती त्या मुलाला त्याच्या वहीतल्या आकड्यांची गोष्ट वाटली.

आमच्या भौतिकशास्त्र विभागातले एक सहकारी एकदा तासानंतर एक श्रेणी घेऊन आले. गोल पडद्याच्या, म्हणजे ढोलकीच्या पुडीसारख्या ताणलेल्या चामड्याच्या कंपनांचं गणित ते मुलांना शिकवत होते. श्रेणी होती १ वजा क्षवर्ग भागिले ४, अधिक चौथा घात भागिले ६४, वजा सहावा घात भागिले २३०४. मुलं विचारत होती, "सर, हे कोसाईनच ना?" सम घात, आलटूनपालटून चिन्हं, झपाट्यानं वाढणारे छेद; मुलांची शंका रास्त होती. आम्ही दोघांनी भागाकार केला. छेद एकापुढे एक ४, १६, ३६ पटींनी वाढत होते, म्हणजे सम संख्यांच्या वर्गांनी. कोसाईनमध्ये ते २, १२, ३० पटींनी वाढतात. ही श्रेणी बेसेल फलनाची. तिचं अवकल समीकरण कोसाईनच्या समीकरणासारखंच आहे, त्यात फक्त एक जास्तीचं पद आहे, आणि त्या एका पदामुळे बेसेलच्या लाटा पुढे पुढे बुटक्या होत जातात. कोसाईनची लाट कधीच खचत नाही. पडद्याचा आवाज तारेच्या आवाजाहून वेगळा का, याचा एक धागा त्या भागाकारात आहे. गणित आणि भौतिकशास्त्र या दोन विभागांमध्ये एरवी फक्त एक जिना असतो. त्या दुपारी तोही उरला नाही.

वेशांतर केलेली एक श्रेणी मी दर वर्षी मुद्दाम देते. १ वजा क्ष भागिले २, अधिक क्षवर्ग भागिले २४, वजा क्षघन भागिले ७२०. छेद कोसाईनचे आहेत, पण घात सम नाहीत. एकेकानं चढत जातात. थोड्या खटपटीनंतर कोणीतरी सांगतं की कोसाईनच्या आत क्षऐवजी क्षचं वर्गमूळ ठेवलं आहे. उत्तर बरोबर असतं. मग मी विचारते, क्ष ऋण असेल तर? ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नाही, पण श्रेणी तर तिथेही बिनतक्रार चालते. क्षच्या जागी ऋण संख्या ठेवली की वजाबाक्या नाहीशा होतात, सगळी पदं धन होतात आणि हायपरबोलिक कोसाईन समोर येतं. शून्याच्या उजवीकडे झुलणारं कोसाईन, डावीकडे भराभर चढत जाणारं त्याचं भावंड, आणि दोन्हींना जोडणारी एकच अखंड श्रेणी. पुस्तकात ही दोन फलनं वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात. ती एकाच घरातली आहेत हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं.

टॅनची श्रेणी या सगळ्यांत हट्टी. तिचे सहगुणक १, १/३, २/१५, १७/३१५, ६२/२८३५. भागाकार केला तर सुबक अपूर्णांक मिळत नाहीत. "हा १७ आला कुठून?" हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक तुकडीनं विचारला आहे. उत्तर टॅनच्या अवकलजात आहे. टॅनचा अवकलज म्हणजे १ अधिक टॅनचा वर्ग. त्यामुळे पुढचा सहगुणक मागच्या सगळ्या सहगुणकांच्या गुणाकारांतून तयार होतो. सातव्या घातासाठी १ आणि २/१५ यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्यायची आणि त्यात १/३ चा वर्ग मिळवायचा. होतात ४/१५ आणि १/९, म्हणजे १२/४५ आणि ५/४५. बेरीज १७/४५. तिला ७ नं भागलं की १७/३१५. एकदा हाताने केलं की १७ हा पाठ करायचा आकडा राहत नाही; बारा आणि पाच मिळून झालेली संख्या होते.

टॅनचे भागाकार दशांशात काढले तर आणखी एक गोष्ट घडते. मुलं मोबाईलवर आकडे मारतात आणि मी फळ्यावर लिहीत जाते: ०.३३३३, मग ०.४, मग ०.४०४८, मग ०.४०५२. आकडे एका जागी स्थिरावतात. मी सांगते, दोनला पायनं भागा आणि वर्ग करा. उत्तर येतं ०.४०५२८. नुसत्या अपूर्णांकांच्या रांगेतून पाय डोकावतो आणि वर्ग थक्क होतो. कारण असं की टॅन ९० अंशांना, म्हणजे पायच्या निम्म्यावर, अनंताकडे झेपावतं. श्रेणी शून्यापाशी बसून लिहिलेली असली, तरी आपण कुठवर चालणार आहोत हे तिच्या सहगुणकांत आधीच नोंदलेलं असतं.

टॅनच्या सहगुणकांना ज्या त्या घाताच्या क्रमगुणितानं गुणलं तर १, २, १६, २७२, ७९३६ अशा पूर्ण संख्या मिळतात. सीकंटचे सहगुणक तसेच गुणले तर १, १, ५, ६१, १३८५. फ्रेंच गणिती देझिरे आंद्रे यांनी १८७९ साली दाखवलं की या संख्या काहीतरी मोजतात. १ ते ४ हे आकडे अशा ओळीत मांडा की दुसरा पहिल्यापेक्षा मोठा, तिसरा दुसऱ्यापेक्षा लहान, चौथा तिसऱ्यापेक्षा मोठा, असा चढउतार राहील. अशा मांडण्या पाचच आहेत: १३२४, १४२३, २३१४, २४१३, ३४१२. सीकंटमधला ५ हाच. १ ते ५ आकडे घेतले तर अशा मांडण्या १६ होतात आणि तो आकडा टॅनमध्ये सापडतो. हे मुलांना कागदावर मांडून बघायला दिलं की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नाही. कोनांचं शास्त्र आणि आकड्यांच्या मांडण्या यांच्यात इतकं जवळचं नातं असेल, असं आधी कोणी सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

या श्रेणींचा इतिहास मी शेवटी सांगते, कारण नियम कळल्यावर तो अधिक भिडतो. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये ज्यांच्या (ज्या म्हणजे साईनचं जुनं भारतीय रूप) फरकांची सारणी दिली. तिच्यातले पहिले आकडे २२५, २२४, २२२, २१९, २१५. मुलांना मी या फरकांचेही फरक काढायला सांगते: १, २, ३, ४. आता मूळ ज्या बघा: २२५, ४४९, ६७१, ८९०. यांना २२५ नं भागलं तर जवळजवळ १, २, ३, ४ मिळतात. म्हणजे ज्येच्या फरकांचा फरक त्या ज्येच्याच प्रमाणात असतो आणि तो घटत्या दिशेचा असतो. आजच्या भाषेत, साईनचं दोनदा अवकलन केलं की ऋण साईन मिळतं. साईनची खरी ओळख पटवणारा नियम हाच. अनोळखी श्रेणी पदापदानं दोनदा अवकलित केल्यावर उलट चिन्हानं तीच परत आली, तर ती साईन, कोसाईन किंवा त्या दोघांची जुळवाजुळव असते. चौथा पर्याय नाही.

या नियमातून श्रेणी उभी केली ती केरळातल्या गणितींनी. संगमग्रामचे माधव हे साधारण १३४० ते १४२५ या काळातले. त्यांचं या विषयावरचं स्वतःचं लेखन आज हाती नाही; साईन, कोसाईन आणि टॅन-व्यस्त यांच्या श्रेणी त्यांच्या परंपरेतल्या पुढच्या विद्वानांनी त्यांच्या नावानं नोंदवल्या. ज्येष्ठदेवांनी १५३० च्या सुमारास 'युक्तिभाषा' हा ग्रंथ लिहिला. त्यात निष्कर्षांसोबत त्यांच्या सिद्धताही आहेत आणि ग्रंथ मल्याळम गद्यात आहे. ज्येच्या दुसऱ्या फरकांपासून सुरुवात करून बेरजांच्या बेरजा घेत त्यांनी श्रेणीची पदं मिळवली. युरोपात जेम्स ग्रेगरी यांनी १६७१ मध्ये टॅन, सीकंट आणि टॅन-व्यस्त यांच्या श्रेणी पत्रातून कळवल्या. केरळच्या कामाकडे इंग्रजी वाचकांचं लक्ष वेधणारा चार्ल्स व्हिश यांचा लेख १८३४ सालचा. 'युक्तिभाषे'चा विवेचनासह इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातलं विवेचन लिहिणाऱ्यांपैकी के. रामसुब्रमणियन हे मुंबईच्या आयआयटीत अध्यापन करत आले आहेत. माझ्या वर्गातली पुष्कळ मुलं मराठी माध्यमातून येतात आणि इंग्रजी पुस्तकांपुढे बिचकतात. इतकं खोल गणित कोणीतरी आपल्या रोजच्या बोलीत, पायरी पायरीनं समजावून लिहून ठेवलं होतं, हे ऐकताना त्यांचे चेहरे खुललेले मी पाहिले आहेत.

एक बारकावा मी वरच्या वर्गांसाठी राखून ठेवते. श्रेणी दिली की तिची बेरीज एकच असते, त्यामुळे श्रेणीकडून फलनाकडे जाताना धोका नाही. उलट दिशेनं जाताना सावध राहावं लागतं. फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२० च्या दशकात असं फलन दाखवलं की ज्याचे शून्यापाशी काढलेले सगळे अवकलज शून्य आहेत, पण जे स्वतः शून्य नाही. ते कोसाईनमध्ये मिळवलं तर श्रेणी कोसाईनचीच राहते आणि फलन बदलतं. साईन, कोसाईन ही फलनं इतकी भरवशाची आहेत की ती आपल्या श्रेणीशी सर्वत्र प्रामाणिक राहतात, आणि हा त्यांचा गुण सिद्ध करावा लागतो. तो गृहीत धरता येत नाही.

आज विस्तार हवा असेल तर मोबाईल क्षणात देतो. श्रेणी टाकली तर फलनाचं नावही सांगतो. तरी मी हा प्रश्न सोडणार नाही, कारण तो सोडवताना मुलं जे शिकतात ते नावापेक्षा मोठं आहे. दोन पदं जुळली म्हणून घाई करायची नाही, संख्येच्या आत काय आहे ते सोलून बघायचं, आणि नियम सापडल्याशिवाय खात्री झाली असं म्हणायचं नाही. ही सवय प्रयोगशाळेत उपयोगी पडते, आकडेवारी वाचताना पडते आणि संशोधनात तर तिच्यावाचून चालतच नाही.

गणित शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. प्रत्येक चाचणीत विस्तार लिहायचा एक प्रश्न कमी करा आणि त्याच्या जागी विनानावाची एक श्रेणी द्या. किमान चार पदं द्या, मुलांना भागाकार करायला वेळ द्या, आणि ज्यानं बरोबर नाव लिहिलं पण कारण दिलं नाही त्याला निम्मेच गुण द्या.